मेमसाहेबांचा हुकूम

चहामळ्यात मेमसाहेब म्हणजे मोठ्या साहेबांची बायको. बंगल्यातली फुलं आणि पाहुण्यांचा चहा बघणारी. निलाक्षी फुकन मळ्याची मॅनेजर होऊन आली, तेव्हा तिला दुसरं काही म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. वर्ष होत आलं, तरी माळी रोज उठून कुठली फुलं लावू म्हणून तिला विचारायचा आणि मजुरांच्या तक्रारी मात्र तिच्या हाताखालच्या पल्लव बरुआकडे, म्हणजे छोट्या साहेबांकडे जायच्या.

आधीचे मोठे साहेब आईबहिणीवरून शिव्या घालायचे. त्याला दरारा म्हणत. ही एकदा नुसती आवाज चढवून बोलली, तर म्हणे मेमसाहेबांचं घरी काहीतरी बिनसलंय! आताशा तिला चिडायचाही कंटाळा आला होता.

काल बारा नंबरच्या तुकड्यात कीटकनाशक फवारलं. आठवडाभर तिथे तोडणी बंद, असं तिने तोडणीवाल्या बायकांच्या मुकादमाला, मंगरा सरदाराला, बजावलं होतं. सकाळी जाऊन बघते तर बायका तिथेच, झुडपांत कोपरापर्यंत हात घालून पानं खुडतायत. त्यांतल्या दुलारीचे हात तर औषधाने लालबुंद झाले होते.

"मंगरा, काय सांगितलं होतं मी?"

"सांगितलं होतं की, मेमसाहेब. पण छोटे साहेब काल भेटलेच नाहीत."

"त्यांचं काय काम?"

"तसं नव्हे, आपलं पक्कं करून घेतलेलं बरं."

वाद घालायला तिच्यात त्राण नव्हतं. तिने पल्लवला फोन केला. तो मोटरसायकलवरून आला, तिचंच वाक्य जसंच्या तसं बोलला. मंगराने लगेच शिटी फुंकली आणि बायका भराभरा बाहेर आल्या.

पल्लव भला माणूस. तो ओशाळला. "अरे, हुकूम मॅडमचाच आहे. मला तर ठाऊकही नव्हतं."

मंगरा बायकांकडे वळला. "बघा गं, याला म्हणतात साहेब! करायचं आपण आणि नाव पुढे करायचं मेमसाहेबांचं. केवढं मोठं मन!"

दुलारीने त्या भाजल्या हातांनी पल्लवला नमस्कार केला. निलाक्षीला तो फार लागला.

"मॅडम, मी खरं तेच सांगितलं हो," पल्लव हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे. उद्या चौदा नंबरात फवारणी आहे. तिथलंही तूच सांग."

"पण मॅडम, तुम्ही का नाही..."

"बाबा रे, मी सांगितलं की त्यांचे हात भाजतात."