वाघ नाही, असं छापून आलं

साहेब, तुम्ही खोटं बोललात. चुकून नाही, गैरसमजातून नाही. खुर्चीत बसून, चहा पीत, पत्रकाराला समोर बसवून खोटं बोललात. आमच्या जंगलात वाघ नाही, असं तुम्ही छापून आणलंत. वाघ आहे म्हटलं की गस्त घालावी लागते, कॅमेरे लावावे लागतात, चैतातल्या उन्हात नाल्यानाल्यानं फिरावं लागतं. वाघ नाही म्हटलं की एका बातमीत काम भागतं. त्या बातमीनं गावात काय केलं ते आता ऐका, आणि मधेच उठून जाऊ नका.

सालेकशाच्या पुढं, रेल्वे लाइन ओलांडली की जंगलाला चिकटून हे गाव. गावात पेपर एकच येतो, मुन्नालालच्या सलूनमध्ये. आणि तो वाचतो एकच माणूस, भैय्यालाल. बाकीच्यांना वाचता येत नाही असं नाही, पण भैय्यालालसारखं येत नाही. एका हातात पेपर, दुसऱ्या हातानं मांडीवर थाप, आणि आवाज असा की रस्त्यावरची बैलगाडीही थांबावी.

पेपरात रोज एवढं काहीबाही यायचं की नुसतं ऐकून डोकं फिरायचं. म्हणून भैय्यालालनं एक खेळ काढला होता. चार बातम्या वाचायच्या. त्यातल्या तीन छापलेल्या, एक त्याच्या मनची. खोटी कोणती ते बाकीच्यांनी ओळखायचं.

"ऐका," तो म्हणायचा. "एक, पाण्याच्या टाकीचं उद्घाटन झालं, टाकी पुढच्या वर्षी बांधणार. दोन, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या मास्तरले निवडणुकीची ड्युटी लागली, हजर राहिला नाही मनून नोटीस गेली. तीन, सरकारी दवाखान्यात डॉक्टर वेळेवर आले. चार, गोदामातला धान उंदरांनी खाल्ला, पोत्यांसकट."

"मास्तरवाली खोटी!" म्हातारा उदाराम ओरडायचा. तो रोज हरायचा.

"अरे काका, डॉक्टरवाली झूठ है," मुन्नालाल वस्तरा घासत म्हणायचा. "इतना भी नहीं समझता?"

नेहमी असंच निघायचं. त्यातली जी शहाणी बातमी, ती भैय्यालालच्या मनची. लोक हसायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. हसल्याशिवाय दुसरं करणार तरी काय होते?

मग एका दुपारी भैय्यालाल आपल्या मोहाच्या झाडाखालचा पालापाचोळा झाडायला गेला. मोह गळायला लागला की झाडाखालची जमीन साफ करून ठेवावी लागते, म्हणजे पहाटे पडलेली फुलं वेचायला सोपी जातात. खराटा मारता मारता त्याला वाटलं, आपल्याकडं कोणीतरी पाहून राहिलं. मान वर केली. नाल्याच्या काठाला, जांभळीच्या सावलीत, वाघ बसला होता.

त्यानं डरकाळी फोडली नाही, तो उठलाही नाही. नुसता पाहत राहिला. हातातला खराटा खाली पडला त्याचंही त्याला कळलं नाही. पण खिशातला मोबाइल कसा बाहेर आला आणि फोटो कसा निघाला, देव जाणे. तो पाठ न फिरवता मागं मागं सरकत शेतापर्यंत आला आणि मग असा पळाला की एक चप्पल अजून तिथंच आहे.

फोटो तिरपा होता, पण वाघ वाघासारखा दिसत होता. त्यानं तो गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'सावध राहा, मोहाकडं जाऊ नका.' संध्याकाळपर्यंत फोटो तालुकाभर फिरला. दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या साहेबांचं, म्हणजे तुमचंच, बोलावणं आलं.

साहेबांनी फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"याला शेपूट कुठं आहे?"

"बसला होता साहेब. शेपूट मागं होती."

"हल्ली अशी चित्रं कॉम्प्युटर दोन मिनिटांत काढतो. एआय म्हणतात त्याला. ऐकलंस?"

"साहेब, माह्या मोबाइलची काच फुटली आहे. त्याच्यावर धड फोन लागत नाही, वाघ कुठून काढंल तो?"

बाजूचा गार्ड फसकन हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की अफवा पसरवणं हा गुन्हा आहे, पोलीस रात्री घरून उचलतात, आणि जामिनाला कोण येणार ते आधीच ठरवून ठेव. मग फोटो पुसायला लावला. मग आपल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो त्याच्या तोंडासमोर धरला. "बोल, फोटो खोटा होता."

भैय्यालाल बोलला. साहेब, तो काय घाबरट नव्हता. पण एकीकडं वाघाचे डोळे पाहून आलेला माणूस दुसरीकडं तुमचे डोळे पाहत होता, आणि दोन्हीकडं त्याला सारखंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलूनमध्ये तीच मंडळी होती. खुर्चीत तोंडाला फेस लावून कोणी बसलं होतं. भैय्यालालनं लक्ष दिलं नाही. पेपर उघडला, दोन बातम्या वाचल्या, आणि तिसरीवर त्याची जीभ जागच्या जागी थांबली.

"पढ ना भैय्या," मुन्नालाल म्हणाला. "साँप सूँघ गया क्या?"

भैय्यालालनं वाचलं. "वाघाचा फोटो बनावट. परिसरात वाघ नसल्याचा खात्याचा खुलासा. नागरिकांनी निर्धास्तपणे मोहफुले वेचावीत. अफवा पसरवणाऱ्यावर कारवाई होणार."

उदारामनं टाळी पिटली. "हे खोटी! आज जमलं मले! हे तुह्या मनची आहे बे भैय्या! तू सोता पाहिला ना वाघ?"

सगळे हसले. भैय्यालाललाही क्षणभर वाटलं, सुटलो. हो म्हणायचं, ही माझ्या मनची आहे, आणि लोक जंगलात जाणार नाहीत. त्याचं तोंड उघडलंही. तेवढ्यात खुर्चीतल्या माणसानं आरशातून त्याच्याकडं पाहिलं. फेसावरचे डोळे ओळखीचे होते. तोच गार्ड.

"नाही काका," भैय्यालाल म्हणाला. "छापून आली आहे. खरी आहे."

"मंग तो वाघ?"

"नव्हता."

"फोटो?"

"खोटा होता."

सलूनमध्ये कोणी हसलं नाही. वस्तऱ्याचा खरखर आवाज तेवढा येत राहिला. उदाराम म्हणाला, "अरे, आमी तुह्या एका फोटोपायी दोन दिवस मोह सोडला. हरणं फुलं खाऊन राहिले. असा मजाक करतेत का गा कोणी?"

घरी भैय्यालालला जेवण गेलं नाही. बायको निर्मलाबाई ताट समोर ठेवून बसून राहिली. गावभर बोंब झाली होती, तिच्याही कानावर आलं होतं.

"माह्याकडं पाहून सांगा. पाहिला का नाही?"

"पाहिला."

"मंग चारचौघात नाही कायले मनलं?"

"गार्ड बसला होता. उचलून नेतीन मले."

"आन् उद्या बाया जातीन, त्याईचं काय?"

भैय्यालाल भिंतीकडं पाहत म्हणाला, "तू जाऊ नको. आन् कोणाले बोलू नको. बोलली तं मी गेलो समज."

निर्मलाबाईनं ताट उचललं. तीही घाबरली होती. नवरा आत गेला तर काय, या विचारानं तिनंही तोंड शिवून घेतलं. दिवसभर दोघं घरातल्या घरात वावरत राहिले, जसं घरात मढं झाकून ठेवलं आहे.

मोह पहाटे गळतो. उजाडायच्या आधी बाया एकमेकींच्या दारात हाक देत निघतात. त्या पहाटेही हाक आली. उदारामची सून, दुर्पता. तिचा नवरा हैदराबादेकडं कामाला, घरी म्हातारा सासरा आणि मोहाची दोन झाडं.

"निर्मलाबाई, चाल व! आज लय पडला असंल."

निर्मलाबाई उठून बसली. भैय्यालालनं अंधारात तिचं मनगट धरलं. घट्ट. आणि आतूनच म्हणाला, "तिले ताप आहे."

"असं का? मंग मीच जातो. बाकीच्याईचं अजून उठणंच होऊन राहिलं."

"थांब ना जरा," निर्मलाबाईच्या तोंडून निघालं. "सोबतीनं जा."

"काऊन? तुमच्या मालकानंच तं वाचलं ना, वाघ-बिघ काही नाही मनून. अस्वल असलं तं डबा आहे माह्यापाशी."

तिची पावलं दूर गेली. भैय्यालालनं मनगट सोडलं नाही.

इकडं सगळ्यांना ठाऊक आहे, मोहाखाली अस्वल असतं. अस्वलाला मोह आवडतो. म्हणून झाडाजवळ जाताना बाया तेलाचा रिकामा डबा वाजवतात. आवाज ऐकला की अस्वल कुरकुरत निघून जातं. मग डबा थांबतो आणि वेचणी सुरू होते. वाघ आहे असं कळलं तर बाई जातच नाही, गेली तरी डबा वाजवत पुढं सरकत नाही. पण वाघ नाही असं छापून आलं होतं. मग झाडाखाली काळं काही हललं तर ते अस्वलच असणार ना?

गावाच्या कडेच्या त्या घरात डबा ऐकू आला. ठण. ठण. ठण.

"गेलं असंल अस्वल," भैय्यालाल पुटपुटला.

डबा थांबला नाही. ठणठण, ठणठण. आधीपेक्षा जोरात, आधीपेक्षा घाईत. निर्मलाबाईनं मनगट ओढून पाहिलं, त्यानं सोडलं नाही.

"अस्वल असतं तं आतापर्यंत गेलं असतं," ती म्हणाली. "ते जाऊन नाही राहिलं."

मग डबा एकदम बंद पडला.

तो बंद पडला आणि निर्मलाबाईनं हिसडा देऊन हात सोडवला. चुलीजवळची पितळी परात उचलली, मुसळ उचललं, आणि दार उघडून धावली. नवऱ्याकडं तिनं वळूनही पाहिलं नाही.

भैय्यालाल उंबऱ्यात उभा राहिला. पुढं जंगल, मागं तुमचं ऑफिस. मग तो रस्त्यावर आला आणि पहिल्या दारावर लाथ घालून ओरडला, "वाघ आहे! उठा! वाघ आहे! मी खोटं बोललो!" दुसऱ्या दारावर ओरडला. उदारामच्या दाराशी आवाज फुटला, तरी ओरडला. गाव कुऱ्हाडी, टेंभे, ताटं घेऊन निघालं. सगळ्यात पुढं निर्मलाबाईची परात वाजत होती.

डबा झाडाखाली सापडला. चेपलेला, पत्र्यातून दात आरपार गेलेले. टोपली उलटी. जमिनीवरच्या पांढऱ्या-पिवळ्या फुलांवर वरून काहीतरी ठिबकत होतं. टेंभा वर धरला. दुर्पता झाडावर होती. फांदीला दोन्ही हातांनी मिठी मारलेली, एका पायाची पोटरी फाटलेली, तिथून रक्त गळत होतं.

"उतर माय," उदाराम खालून म्हणाला. "आमी आलो सारे."

ती उतरेना. नुसती नाल्याकडं बघत होती. दोघं वर चढले आणि तिची बोटं एकेक करून फांदीवरून सोडवावी लागली. जमिनीवर आल्यावर पहिल्यांदा बोलली, तेही भैय्यालालकडं पाहून. "भाऊ, तुमी मनलं होतं ना, नाही मनून."

तिला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. दुपारी साहेब आले. त्यांनी डबा फिरवून फिरवून पाहिला.

"दात कशाचे ते सांगता येत नाही. तपासणीला पाठवू. वाघ कुणी पाहिला?"

"मी पाहिला," भैय्यालाल म्हणाला. "आन् दुर्पतानं पाहिला."

"फोटो आहे?"

फोटो साहेबांनीच पुसायला लावला होता, आणि तालुकाभर फिरलेला त्यांनीच बनावट ठरवला होता. गार्डनं मान खाली घातली.

"पुराव्याशिवाय मी काय लिहू?" साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

पुढच्या सकाळी सलून भरलेलं होतं, पण खुर्ची रिकामी. मुन्नालालनं वस्तरा काढलाच नव्हता. भैय्यालालनं पेपर उघडून वाचलं, मांडीवर थाप न मारता. "मोहफुले वेचताना झाडावरून पडून महिला जखमी. नागरिकांनी झाडावर चढू नये, खात्याचे आवाहन."

खोटी कोणती, हे कोणी विचारलं नाही. उदाराम गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

आजवर बायका त्या सलूनच्या दारात कधी आल्या नव्हत्या. त्या दिवशी निर्मलाबाई आत आली. "मोह गळून राहिला," ती म्हणाली. "उद्याचं काय?"

भैय्यालालनं फुटक्या काचेचा मोबाइल काढला, खटपट करून साहेबांचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकून आरशासमोर ठेवला. घंटी वाजली तेव्हा त्याच्या कानात डब्याचा आवाज घुमत होता. पलीकडून "कोण?" असं आलं.

"साहेब, मी भैय्यालाल. फोटो काढला तं गुन्हा होते, नाही काढला तं पुरावा नाही होत. ते राहू द्या. आमाले एकच सांगा, आन् सारं गाव ऐकून राहिलं. उद्या पहाटे आमच्या बायांनी मोह वेचायले जावं का नाही?"

पलीकडं आवाज नव्हता. पण फोन सुरू होता, श्वास ऐकू येत होता.

"आमी फोन ठेवत नाही साहेब. हो का नाही, तेवढं सांगा."