पालेगावच्या पलंगाचे मनोगत

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पलंग आहे. पालेगावातल्या एका इमारतीच्या गॅलरीत राहतो. माझ्या एका टोकाला तुळशीची कुंडी असते, दुसऱ्या टोकाला एक म्हातारा बसलेला असतो. त्याचे नाव शिवराम. मी त्याच्यासाठीच उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आलो आणि त्याच्याबरोबरच म्हातारा झालो.

शिवराम तेव्हा चाळिशीचा होता. भाताचे भारे वाहून वाहून त्याची कंबर गेली होती. सिंधी दुकानदार म्हणाला, "चाचा, गद्दा भी ले जाओ, सस्ते में दूंगा." शिवराम म्हणाला, "गादी नको शेठ. डॉक्टरनी कडक फळीवर झोपायला सांगितलंय."

काय माझा मान होता त्या घरात! ओटीवर मी पसरलेलो, समोर अंगण, अंगणापुढे भाताची हिरवी शेते. दुपारी वाऱ्याबरोबर चिखलाचा वास यायचा. शिवराम आडवा झाला की त्याची बायको सुंदराबाई गरम मिठाची पुरचुंडी घेऊन यायची. येणारेजाणारे माझ्या फळ्या ठोकून बघायचे आणि म्हणायचे, "कष्टाच्या माणसाची कंबर आहे, दुखणारच." त्यात शिवरामचे कौतुक असायचे, आणि थोडे माझेही.

त्याचा मुलगा नरेंद्र शिकला आणि अंबरनाथच्या एका कारखान्याच्या ऑफिसात चिकटला. त्याने जन्मात कधी भारा उचलला नव्हता. तिशीही गाठली नव्हती, तोच एके सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला आणि तसाच अडकला. "बाबा, कंबर धरली," तो कळवळून म्हणाला.

शिवराम हसला. "खुर्चीत बसून कोणाची कंबर धरते काय? कामाचा कंटाळा आलाय म्हण की!"

त्या दिवसापासून नरेंद्रने आपले दुखणे कोणाला सांगितले नाही. शिवराम शेतावर गेला की सुट्टीच्या दिवशी तो गुपचूप माझ्यावर येऊन पडायचा. अंगणात बापाची चाहूल लागली की दात आवळून उठायचा. त्याची पाठ किती ताठरलेली असायची ते मला कळत होते. पण पलंगाचे कोण ऐकणार?

पुढे सुंदराबाई गेली. शेते गेली, त्यांच्या जागी इमारती आल्या. नव्या घरात नरेंद्रची बायको प्रीती हिने मऊ गादीचे पलंग आणले आणि मी गॅलरीत आलो. माझ्यावर पापड वाळू लागले. शिवराम मात्र रोज माझ्यावर येऊन बसायचा. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणायचा, "इथं आपला बांध होता."

मग गेल्या वर्षी नात किर्ती आजारी पडली. बदलापूरच्या शाळेत मुलांना खेळ शिकवणारी, हरणासारखी पोर! एके सकाळी तिला अंथरुणातून उठवेना. डॉक्टरांनी तिचा एमआरआय काढला. नंतर घरात आणखी कोणाची कंबर दुखते का विचारून तिच्या बापालाही तपासले आणि त्याचाही काढायला लावला. त्या दुपारी किर्ती माझ्यावर आजोबांशेजारी बसली.

"आजोबा, दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. वय झालं की सगळ्यांचीच झिजते. पण काही घरांत ती लवकर झिजते, आईबापांकडून येतं ते. माझी आणि पप्पांची एकाच जागी झिजलीय. तुझीही तशीच असणार, डॉक्टर म्हणाले."

"पण मी तर भारे वाहिले!"

"त्यानं भर पडली. मुळात अंगातच होतं."

शिवरामने माझ्या फळीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे नरू तेव्हा खरं बोलत होता." आणि थोड्या वेळाने, "आणि तुला माझ्यामुळं..."

"ही उंची पण तुझ्यामुळंच आहे," किर्ती हसली. "टेन्शन नको घेऊ. घरात आहे म्हणून सगळं संपलं असं नसतं. व्यायाम करायचा, चालायचं, पप्पांची सिगारेट बंद. आणि हो, फळीवर नुसतं पडून राहायचं नाही!"

मित्रांनो, ते शेवटचे वाक्य मला जरा लागले. पण पोरगी बरी होणार होती. मला तेवढे पुरे होते.

संध्याकाळी नरेंद्र कामावरून आला. शिवरामने त्याला हाक मारली. "नरू, बस इथं."

"नको बाबा, मी ठीक आहे."

"किती वर्षं ठीक आहेस म्हणतोस. आज सांग. कुठं दुखतं?"

नरेंद्र उभाच राहिला. मग सावकाश बसला आणि हात मागे नेऊन कमरेवर ठेवला. शिवरामने तो हात बाजूला केला, आपला खरबरीत तळवा तिथे टेकवला आणि म्हणाला, "मला पण इथंच."

नरेंद्रने मान खाली घातली. बापाचा तळवा हलला नाही. किती तरी वर्षांनी त्याची पाठ सैल सुटलेली मला जाणवली.

माझ्या फळ्या आता कुरकुरतात. उद्या मला कोणी भंगारात देईल. त्याचे दुःख नाही. फक्त एवढेच मागणे आहे: कोणी दुखतेय म्हणाले, तर त्याने काय उचलले होते हे विचारत बसू नका. जरा सरका आणि त्याला बसायला जागा द्या.