उन्हात घातलेला तंबू

आमच्या अमळनेरच्या घरात मे महिन्यात उन्हातून काही म्हणता काही सुटत नाही. गहू, डाळी, गोधड्या, लग्नातले शालू, सगळं गच्चीवर. यंदा सासूबाईंनी माझा तंबूही नेला आणि अख्खा महिना तिथेच पसरून ठेवला. आपल्याकडचं ऊन ते! श्रावणात पिशवी उघडली, तर कापड हाताला चिकटायला लागलं आणि आतला पाणी अडवणारा थर पापुद्र्यांनी सुटून आला.

परवा निघायचं होतं. मी आणि माझी मैत्रीण मेघा, पिंपळनेरच्या पलीकडच्या डोंगरावर, दोन रात्री. वर्षातून एकदाच जाते मी, आणि आधी महिनाभर माझा पाय घरात ठरत नाही. नवऱ्याने, नीलेशने, चहा पिता पिता निकाल दिला, "गळका तंबू घेऊन पावसात जायचं नाही. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी म्हणे.

मला तर सासूबाईंचाच संशय. सून डोंगरात झोपते, हे त्यांना कधी पटलंच नव्हतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं उन्हात घालायला?"

"कुबट वास ई राहिंता," त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "बठ्ठं उनमा टाकस, हाई बी टाकं."

भांडण टाळायला मी उठले. कोमट पाणी, साबण आणि घासणी घेऊन बसले. थर निघता निघेना. मधेच उठून आभाळ बघायचं, मेघाला फोन करायचा, पुन्हा घासायचं. शेवटी सगळा निघाला, मग नव्या थरासाठी हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉन आणलं, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलं आणि ब्रशने फासलं. सासूबाई म्हणाल्या, आता उन्हात टाक, लवकर वाळेल. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. तंबू ओसरीवर सावलीतच वाळला.

दुसऱ्या दिवशी तो अंगणात उभा केला. नीलेश परीक्षा घ्यायला आल्यासारखा खुर्ची टाकून बसला. पाणी मी सोडणार, पण आत बसून बघणार कोण?

"मी बसस," म्हणत सासूबाई गुडघे धरत आत शिरल्या.

मी चेन लावली आणि नळी सोडली. छतावर, शिवणींवर, पुन्हा छतावर. मला थांबवेना.

"आई, गळतंय का?" नीलेशने विचारलं.

"टिपूस नई," आतून उत्तर आलं.

पदर अंगाभोवती गच्च गुंडाळून त्या बाहेर आल्या. उठायला आधार द्यावा म्हणून मी पाठीला हात लावला, तर पाठ चिंब भिजलेली. माझा हात त्यांनी दाबून धरला.

"मग जा," म्हणत नीलेश खुर्ची उचलून आत गेला.

"मांगली शिवन गळस," मागच्या शिवणीकडे डोळ्याने खुणावत त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या. "वर मेणकापड टाकजो. आन् जाय, त्यानं मन बदलाना पहिले."

कालपासून मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते, आणि आता टॉवेल आणून त्यांची पाठ पुसायला घेतली.