ब्रेकला पाय लावायचा नाही

मास्तरांच्या हातातली लोखंडी पट्टी दीड फुटाची होती आणि तिच्यावरचे आकडे केव्हाच पुसून गेले होते. मोजमापासाठी ती कधी वापरलीच गेली नव्हती. टॅक्सी कंपनीच्या आवारात विजेची गाडी शिकायला येणारे चालक त्यांना पाठीमागे ‘पट्टीमास्तर’ म्हणत आणि समोर आले की मान खाली घालत. वीस-वीस वर्षे गाड्या हाकलेली ही माणसे. त्यांचा उजवा पाय संकट दिसताच आपसूक ब्रेककडे धावे, आणि धावला की गुडघ्यावर पट्टी बसे.

“ब्रेक अडीअडचणीला,” मास्तर गरजत. “इथं एकच पेडल. दाबलं की मोटर चाकं फिरवते. सोडलं की चाकं मोटर फिरवतात, त्यातून होणारी वीज बॅटरीत जाते आणि त्या ओढीनंच गाडी मंदावून थांबते. थांबली की यंत्र स्वतःच ब्रेक आवळून धरतं. उतारावरसुद्धा हलत नाही, पुन्हा दाबेपर्यंत. तुमचं काम काय? पाय उचलणं! तेवढीही अक्कल नाही?”

शिकवण बिनचूक होती, हे त्यांच्या वैऱ्यांनीही कबूल केले असते. परीक्षेची रीत मात्र त्यांची स्वतःची होती. आवारातला उतार जिथे दगडी भिंतीला भिडतो तिथे ते भिंतीला पाठ लावून उभे राहत. शिकणाऱ्याने वरून गाडी आणायची आणि नुसता पाय उचलून त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबवायची. लोक याला धाडस म्हणत. वास्तविक समोरच्याच्या डोळ्यांतली भीती जवळून पाहण्याची ती सोय होती.

त्या दुपारी वरून येणाऱ्या गाडीत त्यांचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. बारा वर्षे ट्रक चालवून नुकताच कंपनीत लागलेला. आदल्या दिवशी त्याने तीनदा ब्रेकला पाय लावला आणि तीनदा पट्टी खाल्ली. गुडघा नारळाएवढा सुजला होता. त्याच संध्याकाळी त्याची बहीण मोडलेले मनगट छातीशी धरून त्याच्या दारात उभी राहिली होती.

गाडी आली. मास्तरांनी नेहमीप्रमाणे उघडा पंजा वर केला: पाय उचल. गाडी मंदावली आणि बरोबर हातभर अंतरावर थांबली. छपराखाली बसलेल्या तिघा चालकांपैकी एकाने “वा!” केले.

मग गाडी वीतभर पुढे सरकली आणि थांबली. पुन्हा चार बोटे. मास्तर बाजूला सरणार तोच तिसऱ्या खेपेला बंपर त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना भिडला आणि पाय भिंतीशी चेपले गेले.

“मागं घे! आंधळा आहेस काय?”

मेहुण्याने खिडकीतून डोके बाहेर काढले. “पाय उचललाय, भावोजी. ब्रेकला हात नाही, पाय नाही. पास की नापास?”

“मागं घे म्हणतो!”

“ताईचा हात कसा मोडला?”

“पडली. मोरीत पाय घसरला तिचा.”

मेहुण्याने पेडल जरासे दाबले. काडी मोडावी तसा आवाज झाला आणि मास्तरांचा डावा गुडघा, जसा कोणाचाही गुडघा वळू नये, तसा वळला. त्यांनी फोडलेली किंकाळी ऐकून छपराखालचे तिघे उठले.

“तिथंच थांबा!” मेहुणा ओरडला. “पाय सुजलाय माझा. कोण जवळ आलं आणि मी दचकलो, तर कुठं पडेल सांगता येत नाही.”

तिघे थांबले. त्यांच्यातल्या एकालाही पुढे येण्याची फार घाई नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

“नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात,” मेहुणा म्हणाला. “बोला. कसा मोडला?”

“मी... मी पिरगळला.”

“कशापायी?”

मास्तरांना खरोखरच आठवेना. “भाजी... गार होती.”

 मेहुणा शांतपणे म्हणाला, “यंत्राकडून काय मारायचं? हातानंच मारतो.” आणि सीटचा पट्टा सोडल्याचा खटका वाजला.

“उतरू नकोस!” मास्तरांच्या तोंडचे पाणी पळाले. “बस! तुझ्या पाया पडतो, उठू नकोस!”

“का बरं?”

“पट्टा सुटून दार उघडलं की ते यंत्र आपली पकड सोडतं आणि हँडब्रेकवर सोपवतं. विजेचा हँडब्रेक. तो... तो या गाडीत बंद आहे. दुसरं काही धरायला नाही.”

“बंद? मग बिघाडाचा दिवा कुठं लागलाय?”

“चिकटपट्टी लावलीय. काळी. डावीकडे.”

मेहुण्याने नखाने चिकटपट्टी खरवडली. खाली लाल दिवा जळत होता. रोज गाडी ठेवताना मास्तर चाकाखाली लाकडी ठोकळा का सारतात, याचा उलगडा त्याला आता झाला. तो ठोकळा या घडीला भिंतीशी, मास्तरांच्या हातापासून दोन विती दूर पडला होता.

“तीन आठवडे बसवताय आम्हाला यात,” तो म्हणाला. त्याने पट्टा पुन्हा लावला. “सांगा, मागं कशी घेऊ?”

तेव्हा मास्तरांनी, आयुष्यात पहिल्यांदा आवाज न चढवता, एक धडा शिकवला. मागचा गिअर. त्याचा दिवा बघ. आता हळू, अगदी हळू. त्यांचे डोळे मेहुण्याच्या चेहऱ्यावर होते, कारण ज्या गुडघ्यावर त्यांचे प्राण टांगले होते तो आतमध्ये थरथरत होता आणि तो कोणी सुजवला हे दोघांनाही ठाऊक होते. गाडीला हिसका बसला. ती मागे गेली, पाच पावले चढावर जाऊन उभी राहिली. मास्तर भिंतीवरून घसरत खाली बसले.

“मी पाय उचलून असाच बसतो,” मेहुणा म्हणाला. “ते तिघं तुम्हाला बाजूला घेतील, दवाखान्यात नेतील. पोलिसांना काय सांगायचं ते सांगा, मीही सांगेन. फक्त ताईच्या वाटेला जाणार नाही, एवढं म्हणा.”

म्हणायला एक वाक्य होते, आणि मास्तरांनी ते म्हणण्यासाठी ओठ उघडलेही. तेवढ्यात छपराखाली कोणीतरी हसले. कदाचित भीतीने हसले असेल. पण मास्तरांना ते हसू ऐकू आले, आणि सुंभ जळाला तरी पीळ तसाच होता. राग आंधळा असतो म्हणतात, ते खरे नव्हे. रागाला लख्ख दिसते; फक्त एका वेळी एकच वस्तू दिसते. मास्तरांना काचेमागचा चेहरा दिसला. हाताला ठोकळा लागला. भिंतीच्या आधाराने ते एका पायावर उभे राहिले आणि सगळी ताकद लावून त्यांनी तो भिरकावला. समोरच्या काचेवर कोळ्याचे जाळे पसरले. ठोकळा टपावरून उडून गाडीमागे पडला.

“शेळपटा! काचेआडून मर्दुमकी? उतर खाली! तुझीही हाडं मोडतो, उतर!”

तडकलेल्या काचेमागून आवाज आला.

“उतरू, भावोजी?”

“उतर!”

“विचार करून सांगा. खरंच उतरू?”

“उतर म्हणतो ना, हरामखोरा!”

खटका वाजला. दार उघडले. मेहुणा लंगडत खाली उतरला, दोन पावले बाजूला सरला आणि शिकणाऱ्यासारखा हात बांधून उभा राहिला.

गाडी क्षणभर जागच्या जागी थांबली. हँडब्रेक आवळताना मागच्या चाकांशी जी बारीक घरघर व्हायला हवी होती तिच्यासाठी मास्तरांनी कान टवकारले. ती झाली नाही. मग गाडी निघाली, आधी संथ, दार तसेच उघडे. मास्तर एका पायाने बाजूला उडी मारू गेले, तो दुसरा पाय त्यांच्याखाली दुमडला. त्यांनी उजवा हात वर केला, पंजा उघडा, रोजच्यासारखा.

पण आत उचलायला पाय कोणाचाच नव्हता.