हेल्मेटवरचा कॅमेरा

प्रीतम पाताडेला गाडीवर बसायला वीस मिनिटं लागायची. आधी गुडघ्यांना पॅड, त्यावर जाड पँट, मग घोट्याच्या वर येणारे बूट, खांद्या-कोपरांत कडक गाद्या असलेलं जॅकेट, हातमोजे, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट. हेल्मेटच्या कपाळावर अंगठ्याएवढा कॅमेरा. तोवर त्याची बायको श्रुतिका दारात चप्पल घालून उभी असायची. तिचं हेल्मेट म्हणजे दहिसर चेकनाक्याजवळ रस्त्यावर घेतलेली वाटी होती. पोलिसाला दाखवायला.

तिने एकदा विचारलंही होतं, "मला पण घे ना रे जॅकेट."

"तुला कशाला? पुढे मी आहे ना," प्रीतम हसला होता. "आणि तू त्यात सिलिंडरसारखी दिसशील."

तीही हसली होती. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि नवरा प्रेमाने चिडवतो याचं तिला कौतुक होतं.

प्रीतम रायडर होता. त्याचा चॅनल होता, मुलुंडचा ग्रुप होता, आणि असा गिअर, म्हणजे अंगावरचं हे संरक्षण, न घालता गाडी चालवणाऱ्यांना तो व्हिडिओतून धू धू धुवायचा. "दूध आणायला जा, नाहीतर लडाखला जा. अंगावर सगळं पाहिजे म्हणजे पाहिजे!" हे त्याचं वाक्य लोक कमेंटमध्ये लिहायचे. ते तो मनापासून म्हणायचा. मागच्या सीटवर कोणी बसतं, हे त्याच्या लक्षात येत नव्हतं इतकंच.

त्या रविवारी सकाळी आरे कॉलनीत व्हिडिओ करायचा होता. नवीन जॅकेट आलं होतं, एका कंपनीने खास त्याला पाठवलेलं. मागे बायको बसली की व्हिडिओला घरगुती रंग येतो, म्हणून श्रुतिकाला उठवलं. ती कुर्ता-लेगिंग्जवर निघाली. तबेल्यांच्या पुढच्या वळणावर खड्डा बुजवायला टाकलेली खडी रस्ताभर पसरली होती. प्रीतम कॅमेऱ्यासाठी बोलत होता, "आता बघा, कॉर्नरिंगला हे जॅकेट कुठेही अडत नाही," आणि पुढचं चाक सटकलं.

श्रुतिकाला नंतरचं फार आठवत नव्हतं. हनुवटी आपटली, वाटी उडून गेली, आणि डावा पाय गाडीखाली अडकून डांबरावरून घासत गेला, मग ती सुटून बाजूला फेकली गेली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कातडी राहिली नाही, टाचेचं मांस निघालं. हॉस्पिटलात तिच्या मांडीची कातडी काढून पायाला लावली. ड्रेसिंग बदलताना ती उशी दातांत धरायची.

प्रीतमला ओरखडाही आला नव्हता.

"देवान राखल्यान! माझो झील वाचलो," सासूबाई, सुगंधाताई, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. पलंगावर श्रुतिका आहे हे आठवलं की पुढे जोडायच्या, "हिच्या पायाक काय, येतली कातडी."

श्रुतिकाला त्याचं वाईट वाटायचं, पण तिच्याकडे धरून ठेवायला एक गोष्ट होती. प्रीतमने सांगितलं होतं, "गाडी पडली तशी मी पहिला तुझ्याकडे धावलो. काहीच सुचत नव्हतं मला." हे ती आईला सांगायची, कामावरच्या मैत्रिणींना सांगायची. रात्री पाय ठणकला की स्वतःलाही सांगायची.

पंधरा दिवसांनी व्हिडिओ आला. 'या जॅकेटने माझा जीव वाचवला.' प्रीतम कोपरावरचा घासलेला भाग बोटाने दाखवत होता. पडतानाचं दृश्य त्याने हळू करून तीनदा टाकलं होतं, वर ढोल वाजत होते. खाली कोणीतरी विचारलं होतं, मागे कोण होतं? वहिनी ठीक आहेत ना? त्याने उत्तर दिलं होतं, 'एकदम मस्त, थोडं खरचटलंय.' पुढे दोन हात जोडलेले.

"थोडं खरचटलंय?" तिने विचारलं.

"मग काय लिहू? लोकांना पू-रक्त सांगू? कंपनीवाले आहेत ना त्यात, यार. समजून घे."

श्रुतिका बोरिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. दिवसभर उभ्याने. ते आता सुटल्यातच जमा होतं. घरी बसून दुसरा महिना लागला तेव्हा एक दिवस प्रीतम ऑफिसला गेला असताना तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. 'आरे' नावाच्या फोल्डरमध्ये न कापलेलं चित्रण तसंच होतं. आपल्याकडे धावत येणारा नवरा एकदा डोळ्यांनी बघावा, म्हणून तिने ते लावलं.

कॅमेरा हेल्मेटवर होता. त्यामुळे प्रीतम जिकडे बघेल तिकडेच तो बघत होता.

रस्ता, आभाळ, रस्ता. मग सगळं थांबलं. दोन हातमोजे समोर आले, पालथे झाले, उताणे झाले. मग गुडघे. मग जॅकेटचं कोपर, बराच वेळ. "एक नंबर," प्रीतमचा आवाज म्हणाला. मागून दुसरा आवाज येत होता, "आई गं, आई गं." तो आपला आहे हे तिला जरा उशिरा कळलं. कॅमेरा वळला, पण गाडीकडे. "टाकी गेली, यार!" एक दूधवाला धावत आला. दोघांनी मिळून गाडी उभी केली, स्टँडवर लावली. प्रीतमने दिवा लावून बघितला, बंद करून पुन्हा लावला.

"ओ भाऊ," दूधवाला म्हणाला, "तिकडे बाई ओरडतेय ना!"

मग कॅमेरा वळला. आपला पाय तिने त्या बाजूने कधी बघितला नव्हता.

तिने वेळ बघितली. पडल्यापासून एक मिनिट बावन्न सेकंद. तिने ते पुन्हा लावलं, या वेळी डोळे मिटून, नुसतं ऐकायला.

संध्याकाळी तिने ते सुगंधाताईंना दाखवलं. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. एक बाई दुसरीला दाखवते तसं दाखवलं. सुगंधाताईंनी शेवटपर्यंत बघितलं. चष्मा काढला, पदराने पुसला.

"ह्या कोणाक दाखव नको हां," त्या म्हणाल्या, आणि कुकर लावायला उठल्या.

रात्री प्रीतम झोपल्यावर तिने ते चित्रण आपल्या फोनवर घेतलं.

पुढच्या रविवारी मुलुंडला ग्रुपचा सुरक्षा मेळावा होता. एका शाळेचा हॉल, साठ-सत्तर रायडर, आणि प्रमुख वक्ता प्रीतम. "तू पण चल. समोर बस. लोकांवर इफेक्ट पडतो," तो म्हणाला. ती काठी घेऊन गेली. त्याने जॅकेट हँगरवर टांगून आणलं होतं. लोक रांग लावून त्याच्या कोपराला हात लावत होते, फोटो काढत होते. तिच्या शेजारची खुर्ची रिकामीच होती.

भाषण झालं. ग्रुपचा प्रमुख यज्ञेश माइक घेऊन खाली आला. "वहिनी, दोन शब्द?"

श्रुतिका उभी राहिली. "मला जॅकेट नव्हतं," ती म्हणाली. "बूट नव्हते. मी मागितलं होतं."

हॉलमध्ये थोडी चुळबुळ झाली. यज्ञेशने माइक स्वतःकडे घेतला. समजावणीचा सूर होता त्याचा, वाईट नव्हता. "वहिनी, राग मानू नका, पण गिअर नसेल तर बसायचंच नाही ना गाडीवर. आपली जबाबदारी आपली असते. बरोबर ना, मित्रांनो?"

टाळ्या पडल्या. स्टेजवर प्रीतमही वाजवत होता.

श्रुतिकाने माइक परत मागितला. तो दिला, कारण ती आता आभार मानेल असं सगळ्यांना वाटलं. तिने फोन काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि माइकला लावला.

एक मिनिट बावन्न सेकंद. 'एक नंबर.' 'आई गं.' 'टाकी गेली, यार!' 'आई गं.' दूधवाल्याच्या वाक्यापर्यंत कोणी खुर्ची हलवली नाही.

तिने फोन बंद केला आणि खाली बसली. यज्ञेशने माइक उचलला. "ठीक आहे," तो म्हणाला, "आपण पुढचा विषय घेऊ. चेन आणि ब्रेकची निगा."

पार्किंगमध्ये प्रीतम एकेक वस्तू अंगावर चढवत होता. पॅडचे पट्टे त्याने दोनदा चुकवले. "चार लोकांत वाट लावलीस माझी," तो म्हणाला. "खूश?"

"तू म्हणाला होतास, पहिला माझ्याकडे धावलास."

"अगं, शॉकमध्ये होतो मी! माणूस काय घड्याळ लावून पडतो? तू मेली असतीस तर गोष्ट वेगळी." मग आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने हेल्मेट घाईने डोक्यात घातलं. काचेमागून म्हणाला, "रिक्षा करून ये," आणि गेला.

तिने रिक्षा केली, पण दहिसरला घरी नाही, घाटकोपरला माहेरी. दार वडिलांनी उघडलं. धाकू परब, उभी हयात गिरणीत गेलेली. जिने चढून तिच्या पट्टीतून रक्त आलं होतं. त्यांनी पाटावर तिचा पाय घेतला आणि पट्टी सोडायला लागले. गिरणीत राठ झालेले त्यांचे हात, त्यामुळे जास्तच दुखलं. ती ओरडली नाही.

नवव्या दिवशी प्रीतमचा फोन आला. हॉलमधला आवाज कोणीतरी रेकॉर्ड करून फिरवला होता. कंपनीने त्याचं नाव काढून टाकलं होतं, ग्रुपने काही दिवस येऊ नकोस म्हटलं होतं, आणि ऑफिसात तो लिफ्टमध्ये शिरला की मागून कोणीतरी "आई गं" करत होतं.

"तो माझा ओरडा आहे," श्रुतिका म्हणाली.

"लोक हसतात, श्रुती! झोप नाही मला. सगळं संपवलंस. आता तरी समाधान झालं?"

पलीकडे तो रडत होता, खरंच रडत होता. लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी रडताना ऐकलं नव्हतं. पूर्वी असं झालं असतं तर ती उठून त्याच्याकडे गेली असती. तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. सेकंदकाटा एकदा पूर्ण फिरला, मग जवळजवळ दुसऱ्यांदा.

"हां, बोल," मग ती म्हणाली. "काय झालं?"