गप पाणी

आमची कमळा ऑस्ट्रेलियात नर्स आहे. शहाऐंशी साली तिने आम्हा दोघांची तिकिटं पाठवली, तेव्हा अख्ख्या देवरूखाला आमच्यापेक्षा जास्त घाई झाली. जो तो सल्ला द्यायला घरी हजर. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, डिसेंबरात तिथे उन्हाळा असतो हे मला ठाऊक होतं; पण आमच्या ह्यांनी कुणाचं तरी ऐकून स्वेटर भरलेच. तालुका कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. बायकोपेक्षा ऐकीव गोष्टींवर विश्वास जास्त.

तिथे पोचल्यावर कमळाने बेत सांगितला. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी आठवडाभर समुद्रकाठच्या एका गावी राहायचं. माझा चहाचा कप हातातच राहिला. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, जाऊ या की.

आमच्या घरात समुद्राचं नाव कुणी काढत नाही. आमचा केरू कमळाच्या पाठचा. तो मॅट्रिकची परीक्षा देऊन बसला होता आणि कमळा मुंबईला नर्सिंग शिकत होती, त्या मे महिन्यात आम्ही तिघं मालगुंडला एका लग्नाला गेलो. आम्ही डोंगरातली माणसं. समुद्र आमच्या ओळखीचा नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो. केरू बावनदीच्या डोहात पोहून तयार झालेला, त्याला कधी एकदा पाण्यात शिरतो असं झालं होतं. हे त्याला म्हणाले, "लाटा फुटतात तितं नको जाव. तिकडं बघ, पानी कसा गप हाय. तितं उतर."

तो तिथे उतरला आणि बघता बघता आत गेला. आम्ही दोघं कमरेइतक्या पाण्यात उभे राहून घसा फाटेपर्यंत हाका मारत होतो. तोही आमच्याकडे तोंड करून हात मारत होता, पण अंतर वाढतच गेलं. संध्याकाळी एका होडीवाल्याने त्याचा देह काठावर आणला.

गावाने समजूत घातली, नारळ न देता उतरला म्हणून समुद्राने नेला. ह्यांनी मान डोलावली. तेव्हापासून कामासाठी रत्नागिरीला गेले तरी मांडवीच्या किनाऱ्याकडे पाऊल टाकलं नाही. नारळीपौर्णिमेला मात्र बावनदीच्या पुलावरून एक नारळ सोडतात. ह्यांनी केरूला सांगितलेले ते शब्द मी जपून ठेवले होते. बापाने पोराला सांभाळून उतरायला सांगितलं होतं. आणखी बाप काय करणार?

तर ते ऑस्ट्रेलियातलं गाव. पोरांसाठीच वसवल्यासारखं होतं. काठाने सुरूसारखी उंच झाडं, त्यांच्या सावलीत झोपाळे, घसरगुंड्या, वाळूचे पाय धुवायला फुकट नळ. बाप्ये नाकाला पांढरा लेप लावून उघड्यावर मासे भाजत होते आणि बायका खुशाल पडून होत्या. ही पद्धत मला आवडली. कागदात गुंडाळलेला तळलेला मासा आणि बटाट्याच्या फोडी खायच्या, त्याही समुद्रपक्ष्यांनी पळवल्या नाहीत तर. पाण्याकाठी लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले, आणि सगळी गर्दी त्या दोहोंच्या मधे पाण्यात. हे समुद्राकडे पाठ करून बाकावर बसायचे. पहिल्या दिवशी मान वळवून त्यांनी विचारलं, हे झेंडे कुठल्या देवाचे? निवडणुकीचे असतील, असं मी ठोकून दिलं. मला तरी कुठे माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी कळलं. कमळाची मुलगी सोनू आठ वर्षांची. तिचा दर सुट्टीत तिथे किनाऱ्यावर पोहण्याचा वर्ग असायचा. मी कौतुकाने बघायला गेले. शिकवणाऱ्या मुलाने पोरांना पाणी दाखवून काहीतरी विचारलं. नव्या पोरांनी लाटांच्या मधल्या शांत पट्ट्याकडे बोट केलं, तशी सोनू हसली. मी तिला कारण विचारलं.

"ती चुकली, आजी. शांत दिसतं ना, तिथेच पाणी आत ओढून नेतं. लाटा वाळूवर फुटतात आणि ते सगळं पाणी त्या वाटेने परत जातं. म्हणून झेंडे तिथे लावत नाहीत."

मला मालगुंडचं ते गप पाणी दिसलं. माझ्या पोराला समुद्राने नेलं नव्हतं. त्याच्या बापाने बोट दाखवून त्याला त्या वाटेवर उतरवलं होतं, आणि त्या बिचाऱ्याला ते ठाऊकच नव्हतं. मला त्याच क्षणी ह्यांचा राग आला, इतका की तोंड बघू नये असं वाटलं. मग तिकडे बाकावर स्वेटर मांडीवर घेऊन बसलेले ते पाठमोरे दिसले आणि मी ठरवलं, हे ह्यांना कळू द्यायचं नाही. कळलं तर हा माणूस जगायचा नाही.

मग काय, आठवडाभर माझी कसरत. सोनूचा वर्ग असला की मी ह्यांना बाजारात नेई. एकदा तर छोट्या काठीने चेंडू भोकात ढकलायचा खेळ खेळायला नेलं. झेंडे आज तिकडे का हलवले, असं त्यांनी विचारलं की मी डोकं दुखतंय म्हणे. कमळाला वाटलं, आईला गाव मानवलं नाही.

शेवटच्या दिवशी मी आंघोळीला गेले तेवढ्यात सोनू आजोबांचं बोट धरून त्यांना घेऊन गेली. मी ओल्या केसांनी धावले. पोचले तेव्हा दोघं ओल्या वाळूवर उभे होते आणि सोनू त्या शांत पट्ट्याकडे हात करून सगळं सांगून मोकळी झाली होती.

"म्हायत हाय मला, बाय," हे म्हणाले.

मी जागच्या जागी थांबले. सोनू हिरमुसली. कुणी सांगितलं, म्हणून तिने विचारलं. आमच्याकडच्या एका होडीवाल्यानं, हे म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आनि ओढला तं काय करायचा?"

सोनूची कळी खुलली. सरळ काठाकडे यायचं नाही, दमून जातो, ती म्हणाली. आडवं पोहायचं, लाटा फुटतात तिकडे. तिथून पाणीच बाहेर आणतं. आणि काठावरच्यांनी इकडे ये म्हणून ओरडायचं नाही, हात लांब करून बाजू दाखवायची.

हे हळूच खाली बसले. त्यांचं धोतर भिजलं तरी उठले नाहीत.

संध्याकाळी आम्ही बाकावर बसलो. पहिल्यांदाच समुद्राकडे तोंड करून. तिथे ह्यांनी सगळं सांगितलं. केरूला बाहेर काढलं तेव्हा त्या होडीवाल्याने ह्यांना विचारलं होतं, गप पाण्यात कशाला उतरवलात पोराला. तेव्हापासून ते एकट्याने उरात घेऊन हा माणूस माझ्याशेजारी जेवत होता, झोपत होता. पुलावरचा नारळ समुद्राला नव्हता, केरूला होता.

"मी त्याला काय बोललो ता तू आयकलंस का नाय, ता म्हायत नव्हता," ते म्हणाले. "इचारायची छाती नाय झाली."

ऐकलं होतं, मी सांगितलं.

"अर्धा मला ठावक व्हता," ते म्हणाले. "हाकांचा नव्हता."

"हाका मीही मारल्या," मी म्हणाले. त्यांच्या ओझ्यातलं मला उचलून घेता येईल असं तेवढंच होतं.

परत आलो. रत्नागिरीच्या स्टँडवर देवरूखची गाडी उभी असताना हे मालगुंडच्या गाडीत जाऊन बसले. मी चडफडले आणि पिशव्या घेऊन चढले. आता सुट्टीचे दिवस आले की आम्ही तिथे नातेवाइकांकडे जाऊन राहतो. सकाळी हे एका होडीवाल्याला पाणी कुठे ओढतंय ते विचारून घेतात आणि गप पाण्यासमोर बांबूला लाल फडकं बांधून रोवतात. भरतीला वाहून जातं, कधी पोरं पळवतात. हे नवीन फडकं बांधतात.

परवा कोल्हापूरकडची एक बाई आली. बांबूपुढे तिने नारळ ठेवला, हात जोडले आणि ह्यांना विचारलं, हा झेंडा कुठल्या देवाचा?

"देवाचा नाय, बाय. आमच्या केरूचा."

तिला काही कळलं नाही. मग ह्यांनी पाण्याकडे मान केली. तिची दोन मुलं तिथेच, गुडघाभर पाण्यात पुढे चालली होती. ती हाक मारणार तोच ह्यांनी तिला थांबवलं आणि एक हात बाजूला लांब केला. मीही केला. मुलांनी आमच्याकडे बघितलं आणि ती आडवी चालत लाटांकडून बाहेर आली.