चार नंबरची टाकी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वाळूजच्या एका कारखान्यात मोहियोद्दीन फिटरला चार नंबरच्या टाकीतून दोरीनं वर काढलं. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. आत उतरण्याच्या परवान्यावर सही होती सुरक्षा पर्यवेक्षक श्रीनिवासची.

दोघं अकरा वर्षं कंपनीच्या एकाच बसनं शहरातून येत, आणि अकरा वर्षं त्यांचं एकच भांडण चालू होतं: जगात निव्वळ रिकामी जागा असू शकते का? श्रीनिवासनं कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं होतं. तो म्हणायचा, "रिकामी जागा नसती तर काही हललंच नसतं. ही बस पुढं सरकते ती कशात?"

"हवेत, साहेब. मासा पोहतो तेव्हा त्याच्यापुढं कुठं मोकळी जागा असती? पाणी बाजूला होतं, मागून येऊन मिळतं."

"अन् पाण्याला बाजूला व्हायला जागा नको?"

"शेजारचं पाणी देतं की. आपल्या बसमधल्यासारखं. सरका जरा!"

सोमवारी या 'सरका जरा'वर सगळी बस हसली. श्रीनिवासला ते लागलं.

परवान्यात 'टाकीत काय आहे' असा रकाना असतो. मोहियोद्दीन तिथं 'रिकामी' कधी लिहू देत नसे. "हवा लिवा, साहेब," तो म्हणायचा. हवा लिहिली की मीटर लावून ऑक्सिजनचा आकडाही लिहावा लागे. मंगळवारी श्रीनिवासनं मुद्दाम ठसठशीत अक्षरात लिहिलं: रिकामी. टाकीत ताजी हवा सोडणारा पंखा सकाळीच चालवला असेल, असं तो धरून चालला. मीटर कपाटातच राहिला.

मोहियोद्दीननं कागद वाचला आणि हसला. "लई जिव्हारी लागलं काय? बरं, आज तुमचं खरं. आत जाऊन बघून येतो."

आत नायट्रोजन होता, आदल्या दिवशी गळती तपासायला भरलेला; श्वासापुरता ऑक्सिजन उरला नव्हता. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस खाली बसतो, एवढंच बाहेरच्याला दिसतं.

दुपारी व्यवस्थापकानं श्रीनिवासला बाजूला घेतलं. "जबाबात म्हणा, परवान्याची वाट न बघता तो उतरला. कागदाचं मी बघतो. तुमची नोकरी राहील."

श्रीनिवास तिथून निघाला. तो दवाखान्यात गेला. अतिदक्षता विभागाबाहेर मोहियोद्दीनची बायको जाहेदा बसली होती.

"भाईजान, तुम्ही होते ना तिथं? चक्कर कशी आली? सकाळी तर पोटभर खाऊन गेले होते."

"भाभी, कागद मी लिहिला. टाकी न तपासता."

"का?"

भांडणात त्याची खोड मोडायची होती, हे श्रीनिवासच्या तोंडून निघेना. जाहेदानं तोंड दाराकडे फिरवलं. "ते उठले की त्यांनाच सांगा."

बुधवारी संध्याकाळी पाच वाजताही मोहियोद्दीन व्हेंटिलेटरवरच होता. श्रीनिवासचा जबाब गुरुवारी सकाळी दहाला घेणार आहेत.